दिवाळीला पालथं, पाडव्याला उभं

बीड जिल्ह्यात लेकराच्या पहिल्या वर्षाचा हिशोब करायचा, तर ऊसतोडीचा हंगाम बाजूला ठेवून तो करता येत नाही. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या तालुक्यांतल्या गावांमधून आणि तांड्यांवरून टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, वाकळा, कोपीचे बांबू, शेळी आणि लेकरंबाळं. कोणी कोल्हापूर-सांगलीकडं जातं, कोणी पुणे-अहिल्यानगरकडं, तर कोणी थेट कर्नाटकात. परत येणं होतं ते पाडव्याच्या आगेमागे. मधले पाच महिने एका घराची दोन घरं होतात, एक गावात म्हाताऱ्या माणसांचं आणि एक फडाशेजारच्या कोपीत.

आता जूनमध्ये जन्मलेलं लेकरू डोळ्यांसमोर आणा. दिवाळीला ते पाच महिन्यांचं असतं. मान धरलेली, ओळखीच्या चेहऱ्याकडं पाहून हसणारं, पालथं पडायला लागलेलं, पोटात फक्त आईचं दूध. पाडव्याला तेच लेकरू साडेनऊ महिन्यांचं होतं. तोवर ते बसतं, रांगतं किंवा सरकतं, भिंतीला धरून उभं राहू पाहतं, भाकरीचा तुकडा चिमटीत धरतं, आपलं नाव ऐकून वळतं आणि अनोळखी माणूस दिसला की तोंड लपवतं. आडवं असलेलं माणूस उभं राहण्याचा हा सगळा प्रवास नेमका हंगामात होतो. म्हणून हा लेख दोघींसाठी आहे: जी आई लेकरू घेऊन फडावर जाते तिच्यासाठी, आणि जी आजी गावात लेकरू सांभाळते तिच्यासाठी. हंगामाला न जाणाऱ्या घरांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

सगळ्यात आधी महिन्यांबद्दल. 'शेजारणीचं सातव्यात बसलं, आमचं अजून नाही' ही धास्ती घरोघरी असते. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या ८१६ मुलांच्या हालचाली महिनोन् महिने नोंदवल्या आणि २००६ साली त्याचे निष्कर्ष छापले. सगळी मुलं निरोगी, नीट खाऊ-पिऊ घातलेली. तरीही आधाराशिवाय बसण्याचा काळ सुमारे चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत पसरलेला निघाला. हात-गुडघ्यांवर रांगणं पाचव्या महिन्यापासून साडेतेराव्यापर्यंत. एकट्यानं चालणं आठव्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत! आणि शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, सरळ उभी राहून चालू लागली.

आपल्या आज्यांना हे अभ्यासाशिवाय ठाऊक असतं. एका घरी मी बसले होते. सून म्हणाली, "आत्याबाई, दहावा सरत आला, ही अजून रांगंना." आत्याबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "तुझा नवरा कुठं रांगला होता? बुडावर सरकत सरकत सगळं घर झाडून काढायचा." नात तोवर बसल्या जागी सुपातून उडालेला एकेक दाणा अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरून उचलत होती. दाणा तोंडात जाण्याआधी मी तो काढून घेतला. घशात अडकायला एवढंसं पुरतं. पण त्या चिमटीनं पोरीच्या हातांबद्दल, नजरेबद्दल आणि डोक्याबद्दल बरंच काही सांगून टाकलं होतं. रांगणं लांबलं तरी बाकीचं पुढं सरकत होतं. असं लेकरू नजरेखाली ठेवायचं, घाबरायचं नाही.

मात्र 'होईल हळूहळू' म्हणून सोडून द्यायच्या नाहीत अशाही गोष्टी आहेत, आणि त्या पाठ असाव्यात. तीन महिने झाले तरी लेकरू नजरेला नजर देत नाही, हसत नाही, भांडं पडल्याच्या आवाजानं दचकत नाही. पाचवा महिना झाला, मान अजून लुळी पडते. नऊ महिने पूर्ण झाले, आधाराशिवाय बसत नाही. वर्षाचं झालं तरी 'बाबाबा, दादादा' अशी बडबड नाही, हवी ती वस्तू हातानं किंवा बोटानं दाखवत नाही, हाक मारली तर वळत नाही. दीड वर्ष उलटलं, पाऊल टाकत नाही किंवा अर्थाचा एकही शब्द नाही. दोन वर्षं झाली, पण 'पाणी दे', 'आई ये' असे दोन शब्द जोडत नाही. अंग कायम ताठ किंवा कायम सैल असणं, वर्षाच्या आत एकाच हातानं सगळं करून दुसरा हात मुठीत दाबून ठेवणं, हीही दाखवण्याची कारणं. आणि येत असलेली एखादी गोष्ट गेली, म्हणजे बसणारं लेकरू बसेनासं झालं किंवा बोलणारं गप्प झालं, तर कुठल्याही वयात लगेच दवाखाना गाठायचा.

ऐकू येण्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथं घरं हमखास फसतात. जन्मतः बहिरं लेकरूही पहिले काही महिने हुंकार देतं, आवाज काढतं. त्यामुळं कोणालाच शंका येत नाही. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर त्याचे आवाज वाढण्याऐवजी कमी होत जातात. लेकरू तुमच्याकडं बघत नसताना, पाठीमागून, हवा लागणार नाही आणि सावली पडणार नाही इतक्या अंतरावरून हळू हाक मारून बघा. एकदा नाही वळलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन-तीनदा तसंच झालं, तर कान तपासून घ्या.

लेकरू दिवस पुरे होण्याआधी जन्मलं असेल, तर महिने मोजताना तेवढे आठवडे वजा करायचे. दोन महिने आधी आलेलं लेकरू आज आठ महिन्यांचं असेल, तर त्याच्याकडून सहा महिन्यांच्या लेकराएवढीच अपेक्षा धरायची. दोन वर्षांपर्यंत असाच हिशोब ठेवतात. लस मात्र जन्मतारखेप्रमाणंच द्यायची.

आता झोळी. साडीची झोळी ही कोपीतली मोठी सोय आहे. दोन बांबूंना बांधली, पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवली, की आई हात मोकळे ठेवून काम करते. झोळीला नाव ठेवायचं कारण नाही. अडचण होते ती लेकरू दिवसभर झोळीतच राहिलं की. तिथं कूस बदलता येत नाही, दोन्ही बाजूंनी कापड असल्यामुळं जग दिसत नाही, डोकं एकाच जागी दबून मागून चपटं होतं. लेकरू जागं असेल तेव्हा त्याला वाकळेवर काढा आणि आपल्या नजरेसमोर पोटावर ठेवा. सुरुवातीला मिनिट-दोन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. रडू लागलं तर उचला, पुन्हा ठेवा. समोर स्टीलची वाटी ठेवली की ते मान उचलून तिच्यातल्या आपल्याच चेहऱ्याकडं बघतं. मान, खांदे, पाठ, सगळं इथंच तयार होतं. झोपताना मात्र नेहमी पाठीवर.

दुपट्यात लेकराचे पाय सरळ करून करकचून बांधू नका, खुब्याला त्यानं इजा होऊ शकते. छाती गुंडाळा, पाय मोकळे ठेवा. आपल्याकडं कडेवर घ्यायची जी पद्धत आहे, पाय फाकवून कमरेला बिलगवण्याची, ती खुब्यासाठी उत्तम.

चालायच्या वयात बाजारातून गोल प्लॅस्टिकचा चाकांचा वॉकर आणला जातो, बहुतेक वेळा मामाकडून. तो आणू नका. लेकरू त्यात बसून बोटांच्या टोकांवर ढकलत सुटतं. त्यानं चालणं लवकर येत नाही, उलट उंबऱ्यावरून, पायरीवरून, चुलीकडं ते कधी जातं कळत नाही. कॅनडानं २००४ पासून अशा वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. आपला लाकडी पांगुळगाडा निराळा. त्यात लेकरू स्वतःच्या पायांवर उभं राहतं आणि गाडा पुढं ढकलतं. तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. गावातल्या सुताराकडून करून घेता आला तर तोच घ्या, तोही कोणीतरी जवळ असतानाच द्या.

सहा महिने आईचं दूध आणि दुसरं काही नाही, वरचं पाणीही नाही, मधाचं बोट नाही, घुटी नाही. मध तर वर्षभर टाळायचा, त्यातून लहान लेकराला गंभीर विषबाधा होऊ शकते. जूनच्या लेकराला सहा महिने डिसेंबरात पूर्ण होतात. म्हणजे उष्टावण फडावर. मग तिथं काय मिळतं? ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, तुरीचं वरण. तेवढं पुरतं. भाकरीचा मऊ पापुद्रा घट्ट वरणात कुस्करायचा, वर तेलाचे किंवा तुपाचे चार थेंब, तिखट नाही. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन-तीनदा. नवव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी एका वेळेला आणि तीन-चार वेळा. वरणाचं नुसतं पाणी पाजू नका. त्यानं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. चमच्यावरून सहज ओघळणार नाही इतकं घट्ट हवं. उकडलेलं अंडं, बटाटा, केळं, मेथीची मऊ शिजवलेली पानं, हळूहळू सगळं चालतं. शेंगदाणा, फुटाणा आणि उसाचं कांडं मात्र नाही. शेंगदाण्याचा बारीक कूट वरणात मिसळून द्या. सहा महिन्यांनंतर लोहाचं औषधही आठवड्यातून दोनदा, एक-एक मिलिलिटर द्यायचं असतं. ते आशाताईकडून निघण्याआधी मागून घ्या.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरासाठी घरी न्यायचा आहार मिळतो. तो लेकराचा आहे, घरातल्या सगळ्यांनी वाटून खायचा नाही. आणि इथं एक गोष्ट स्पष्ट बोलते. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. ज्या मुली जन्मल्या, त्यांच्या वाटीत तेवढंच तूप पडतं का, त्यांना ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात नेलं जातं का, हे घरातल्या कर्त्या बाईनं स्वतःला विचारावं. मुलीचं वजन दोन महिने वाढलं नाही, तर ती 'नाजूकच आहे' असं म्हणून सोडून देऊ नका.

बोलण्याला पैसा लागत नाही, पण वेळ लागतो, आणि फडावर नेमका तोच नसतो. पहाटे तीन-चारला कोयता हातात, दिवसभर मोळ्या, रात्री गाडी भरायला पुन्हा हाक. दमलेल्या बाईला 'लेकराशी रोज तासभर खेळा' असं सांगणं मला पटत नाही. जे काम करताय ते करता करताच बोला. भाकरी थापताना लेकरू समोर असतं. परातीवर हात पडतो, थप् थप्. लेकरू थांबून बघतं, मग स्वतःचा तळवा जमिनीवर आपटतं. तुम्ही थांबा, त्याच्याकडं बघा, 'तू पण थापतोस का भाकरी?' असं म्हणा, आणि पुन्हा थापा. ते पुन्हा आपटेल. ते एक आवाज काढतं, आपण उत्तर देतो, मग गप्प राहून त्याला पाळी देतो. एवढंच करायचं, दिवसातून वीस वेळा, दोन-दोन क्षण. अंघोळ घालताना नाक-कान-पोट यांची नावं घ्या. बैल दिसला की 'हम्मा' म्हणा. लेकरानं बैलाकडं बघून दरवेळी 'हम्मा' म्हटलं, तर तो त्याचा शब्द झाला. 'मंमं', 'भू भू', 'जो जो' हेही शब्दच, मोजताना धरायचे.

तांड्यावरच्या घरांत गोरमाटी बोलतात, बाहेर मराठी, आणि कर्नाटकात गेलं की कानावर कानडी. दोन भाषांनी लेकराचं बोलणं अडत नाही. घरी जी भाषा मायेनं येते तीच बोला. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजा.

मोबाइलवर गाणी लावून लेकराला गप्प बसवणं मात्र दोन वर्षांपर्यंत टाळा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही तोच आहे. पडदा बोलतो, पण लेकराच्या हुंकाराला उत्तर देत नाही. अपवाद एकच, फडावरून आई-बापाचा व्हिडिओ कॉल. तो रोज व्हावा.

फडावर लेकरू रांगू लागलं की डोळ्यांत तेल घालावं लागतं. कोयते उंचावर, कोपीच्या आत खोचलेले असावेत. चुलीभोवती विटांचा किंवा दगडांचा आडोसा करा. पाण्याची बादली झाकून ठेवा, कारण वीतभर पाण्यातही लेकरू बुडू शकतं. ट्रॉलीच्या किंवा टायरगाडीच्या सावलीत लेकरू कधीही झोपवू नका. चालकाला ते दिसत नाही. जुन्नर, शिरूर, संगमनेर या पट्ट्यात उसात बिबट्या वावरतो. तिथं लेकरू फडाच्या कडेला एकटं ठेवायचंच नाही, अंधार पडल्यावर तर नाहीच. टोळीतल्या एका बाईनं आळीपाळीनं सगळी लेकरं सांभाळायची आणि तिच्या वाटणीचं काम बाकीच्यांनी उचलायचं, असं काही टोळ्या आपसांत ठरवून घेतात. उचल घेतानाच मुकादमाशी हे बोलून ठेवा, आणि दर दोन-तीन तासांनी अंगावर पाजायला येण्याचंही. नंतर बोललं की त्याचा खाडा होतो.

हे सांभाळणं आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीवर पडू देऊ नका. ती कडेवर घेते, झोका देते, माया लावते, सगळं खरं. पण लेकरू निळं पडलं किंवा घशात काही अडकलं, तर काय करायचं हे तिला कुठून ठाऊक असणार? आणि तिची शाळा बुडते ती बुडतेच. गावात राहिलेल्या मुलांसाठी जिल्ह्यात हंगामी वसतिगृहांची सोय होते. निघण्याआधी शाळेत चौकशी करा.

कागदांत एकच कागद जिवापाड जपायचा, माता-बाल संरक्षण कार्ड. त्यावर लसी आहेत, वजनाचा आलेख आहे आणि कोणत्या महिन्यात लेकरानं काय करावं याची चित्रंही आहेत. अक्षर न येणाऱ्या आजीलाही ती कळतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, जिकडं लेकरू तिकडं कार्ड. जूनच्या लेकराचे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस सप्टेंबरअखेर गावातच होतात. पण नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस मार्चमध्ये येते, फडावर. आशाताई लेकराला बघायला तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात. त्यातल्या सहाव्या आणि नवव्या महिन्याच्या भेटी या लेकराच्या चुकतात. म्हणून कारखान्याच्या गावी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथली अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्र शोधा. सरकारी लस कुठल्याही गावात फुकट मिळते, तुम्ही तिथले रहिवासी असायची गरज नाही. अंगणवाडीची नोंद आता पोषण ट्रॅकरवर असते. निघताना आपल्या अंगणवाडीताईंना सांगून गेलात, तर ती पुढच्या अंगणवाडीत नेता येते. रात्री-अपरात्री गरज पडली तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर चालते. वाढीबद्दल शंका असेल तर बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत.

आता ज्या आया लेकरू आजीपाशी ठेवून जातात त्यांच्याविषयी. सहा महिन्यांच्या आतलं लेकरू आईबरोबरच असावं, आणि जमेल तिथं वर्षाचं होईपर्यंत, असं माझं मत आहे. पण प्रत्येक घराला ते जमत नाही, आणि आजीनं वाढवलेलं लेकरू काही कमी पडतं असंही नाही. जाताना आईनं अंगावरची वापरलेली साडी न धुता आजीकडं ठेवावी. लेकराची झोळी तिचीच बांधावी. आई-बापाचा फोटो लेकराच्या नजरेच्या उंचीवर लावावा आणि आजीनं रोज तो दाखवून 'ही आई' म्हणावं. रात्री फोन आला की लेकराला मांडीवर घ्यावं. आईनं त्याला त्याच नावानं हाक मारावी ज्यानं ती घरात मारायची.

तरीही पाडव्याला ट्रॉली दारात थांबते, आई उतरून हात पुढं करते आणि लेकरू आजीच्या पदरात शिरून रडू लागतं. असं कितीतरी घरांत होतं. आईच्या काळजाचं पाणी होतं, नातेवाईक हसतात, 'ओळख विसरला गं!' म्हणतात. हसू नका. आठव्या-नवव्या महिन्यात लेकराला आपलं आणि परकं माणूस वेगळं कळू लागतं, आणि त्याची वाढ नीट चालल्याची ती खूण आहे. हिसकावून घेऊ नका. आईनं उंबऱ्याशी, लेकरापासून दोन हातांवर बसावं, त्याच्याकडं एकटक न बघता. शेंगा फोडाव्यात, आजीशी नेहमीच्या आवाजात बोलावं. वाटी जमिनीवर हळू वाजवावी. आवाज ओळखीचा आहे, रोज फोनवर ऐकलेला. थोड्या वेळानं लेकरू वाटीकडं सरकतं, हात लावतं आणि पुन्हा आजीकडं पळतं. पळू द्यावं. कधी त्याच संध्याकाळी जवळ येतं, कधी आठ दिवस लागतात. तोवर अंघोळ, जेवण, झोपवणं आजीनंच करावं, आई शेजारी. मग एकेक काम आईकडं येऊ द्यावं.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोघींनी मिळून कार्ड घेऊन अंगणवाडीत जावं. वजन-उंची करून घ्यावी, गोवर-रुबेला राहिली असेल तर लसीकरणाचा पुढचा दिवस विचारावा, आणि कार्डावरच्या नवव्या महिन्याच्या चित्रांवर एकेक करून बोट ठेवावं. कोणत्या चित्राला 'हो' आणि कोणत्याला 'अजून नाही' हे आजीनं सांगावं, कारण हे पाच महिने तिनं पाहिलेत.